पडवीतले चार दिवस

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला सांगावं असं एकदोनदा वाटलं होतं, ओठापर्यंत येऊन राहिलं, आणि आता आई नाही. जिला सगळं माहीत आहे तिच्याशी मी या विषयावर कधी अवाक्षर काढलेलं नाही — आणि ती माझ्याच घरात राहते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

आधी मी कोण ते सांगते. ते सोपं आहे. गुंजवण्याच्या पुढं, राजगडाच्या पायथ्याला आमची वाडी. मी एका संस्थेत आरोग्याचं काम करते. वेल्हे आणि भोर तालुक्यातल्या गावांत जाते, मुलींना आणि त्यांच्या आयांना गोळा करते आणि मासिक पाळीबद्दल बोलते. विटाळ असं काही नसतं, चार दिवस बाजूला बसू नका, शाळा बुडवू नका — हेच. सुरुवातीला एका गावात एका म्हाताऱ्या बाबांनी मला देवळाच्या ओट्यावरून उठवलं होतं. आता कुणी उठवत नाही. मी स्कूटी शिकले. माईकसमोर उभी राहायला शिकले. नवऱ्याच्या मागं खाली मान घालून चालणारी बाई मी होते, आणि आज वाडीतली माणसं मला विचारून दवाखान्यात जातात. भोरला शाल-नारळ देऊन माझा सत्कारही झाला. यातलं काही खोटं नाही. मी बदलले, हे खरंच आहे.

खोटं आहे ते माझ्या भाषणात.

प्रत्येक गावात मी एक गोष्ट सांगते, माझी स्वतःची. लावणीचे दिवस होते. मी बाजूला झाले होते. चार दिवस पडवीत बसून काढले — पावसाची झड अंगावर, घोंगडं ओलं, वरून टाकलेली भाकरी, लांबून ओतलेलं पाणी. एवढं सांगून मी थांबते. कुठं थांबायचं ते मला आता बरोबर कळतं. बायका डोळ्यांना पदर लावतात. उत्रोलीत एक मुलगी इतकी रडली, की तिची आई येऊन माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

पाऊस खरा होता. घोंगडंही ओलं होतं. मग खोटं काय? — थांबा, छायाबद्दल सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

छाया माझी धाकटी जाऊ. माहेर भोरचं, बारावी झालेली. मी दहावी. जावा म्हटलं की लोकांना भांडण आठवतं, पण आमचं तसं काही नव्हतं. ती मला आक्का म्हणायची. माझ्या लेकीला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घ्यायची. मी आजारी पडले तर गोठ्यातलं शेणही तीच काढायची, आणि तिला शेणाची सवय नव्हती. तिनं माझं काही वाईट केलं होतं का? नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. एखादा टोमणा तरी, एखादं उलट बोलणं — काही नाही.

संस्थेला तेव्हा आमच्या भागातून एक बाई हवी होती. बारावी झालेली असली तर बरं. छायानं नाव दिलं आणि तिला मुलाखतीला वेल्ह्याला बोलावलं. तो दिवस नेमका आमच्या लावणीचा आला.

आमच्याकडं भाताची लावणी एकट्या घराला उरकत नाही. सावड असते. आज सगळी वाडी एका घरच्या खाचरात उतरते, उद्या दुसऱ्याच्या. घरांचा क्रम ठरलेला असतो, तो मागंपुढं होत नाही. आणि ज्या घरची लावणी, त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. सगळ्या जणी चिखलात उतरलेल्या असतात, त्यामुळं चुलीला हात लावायला शेजारीण मिळत नाही. त्या दिवशी जेवण कमी पडलं तर वाडी वर्षभर बोलते.

आमच्या सासूबाईंचा हात मोडला होता, प्लास्टर घातलेलं. त्यांनी बरेच दिवस आढेवेढे घेतले आणि शेवटी छायाला म्हणाल्या, "जा बाई. थोरली हाय घरी, ती करंल समद्यांचं."

थोरली मी. मी हो म्हटलं होतं. छायासमोर, सासूबाईंसमोर, नवऱ्यासमोर. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

मग ती रोज संध्याकाळी भाकरी थापताना पुटपुटायला लागली. मुलाखतीत काय बोलायचं ते. नमस्कार, माझं नाव अमुक, आमच्या भागातल्या मुली पाळीमुळं शाळा सोडतात — असं. चुकलं की हसायची, परत सुरू करायची. मी पलीकडं तांदूळ निवडत ऐकायचे. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. तेव्हा मला काय वाटत होतं? मत्सर. त्याला दुसरा शब्द नाही. ती रोज सकाळी एसटीनं जाणार, आणि मी मरेपर्यंत या चुलीपुढं. तिनं जाऊ नये, एवढंच. तिच्या जागी मी जावं असंही माझ्या मनात नव्हतं.

लावणीच्या दिवशी ती पहाटेच आवरून बसली. अबोली रंगाची साडी, केस चापून बांधलेले, पर्स मांडीवर. सासूबाई ओट्यावर. नवरा आणि दीर बैल घेऊन चिखल करायला गेलेले. मी न्हाणीतून आले, दारात उभी राहिले आणि म्हणाले —

आपोआप तोंडातून निघून गेलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नाही. न्हाणीत उभी असतानाच माझं ठरलं होतं. मी अंगावर पाणी ओतलं आणि ठरवलं.

मी म्हणाले, "आत्याबाई, म्या बाजूला झाले."

झालं. एवढंच. आमच्या घरात बाजूला झालेल्या बाईनं चुलीला, पाण्याला आणि भाताच्या रोपाला शिवायचं नाही. आणि बाईनं असं म्हटलं की खरं-खोटं कुणी विचारत नाही. कसं विचारणार? सासूबाईंनी मोडका हात कपाळाला लावला. "आजच शिवायचा व्हता का कावळा," म्हणाल्या. मग आम्ही दोघी छायाकडं बघायला लागलो.

आणि छाया माझ्याकडं. माझी मागची पाळी होऊन पंधरवडाही झाला नव्हता — माझ्या न्हाण्याचं पाणी तिनंच तापवलं होतं. एका घरात राहणाऱ्या बायकांना एकमेकींचं सगळं माहीत असतं. तिला कळलं. तिला कळलं हे मलाही कळलं. ती एक वाक्य बोलली असती तर मी तिथंच उघडी पडले असते.

ती उठली. पर्स खुंटीला अडकवली. "बसा आक्का तुमी. म्या बघते," म्हणाली. साडी बदलून आली आणि पीठ काढायला बसली. थोड्या वेळानं खाली वळणावर एसटी आली, हॉर्न वाजवून उभी राहिली आणि गेली. भाकरी थापायचा आवाज काही थांबला नाही.

एकदा बाजूला बसलं की चार दिवस बसावंच लागतं. मी बसले. हेच ते पडवीतले चार दिवस, जे मी गावोगाव सांगते. तेव्हा मी काय करत होते? काही नाही. पागोळ्या बघत होते. मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. मला नुसतं थंड पडल्यासारखं वाटत होतं, आणि भूक लागत होती. छाया मला वेळेवर जेवायला द्यायची. आणि ती एकदाही माझ्या जवळ आली नाही. भाकरी वरून ताटात टाकायची. पाणी लांबून ओतायची. पदर माझ्या अंगाला लागू नये म्हणून आवरून धरायची. खोटं आहे हे माहीत असून तिनं चारही दिवस सगळा विटाळ अगदी रीतसर पाळला. पाचव्या दिवशी माझ्या न्हाण्याचं पाणीही तिनंच तापवलं.

पुढं काही दिवसांनी माझी खरी पाळी आली. आता परत सांगणार कशी? मी गप्प बसले. त्या दिवसांत स्वयंपाक केला, देवापुढं दिवा लावला, श्रावणातला नैवेद्य माझ्या हातानं केला. तेव्हा माझा विटाळावर पक्का विश्वास होता, बरं का. काहीतरी होणार म्हणून वाट बघत होते. दूध नासेल, गाय आटेल, लेकीला ताप भरेल. काहीच झालं नाही. भाकरी फुगली. सगळे जेवले. तेव्हा माझा विश्वास गेला. कार्यक्रमात मुली विचारतात, "ताई, तुम्हाला हे पहिल्यांदा कशामुळं पटलं?" मी सांगते, वाचनामुळं.

दिवाळीनंतर संस्थेची माणसं स्वतःच वाडीत आली. त्यांनी घेतलेली बाई सोडून गेली होती. छायाला तेव्हा दिवस गेले होते, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. सासूबाईच म्हणाल्या, "थोरलीला घ्या की." पुन्हा मुलाखत, पुन्हा वेल्हे. काय बोलू, मी छायाला विचारलं. हो, तिलाच विचारलं. तिनं चुलीपुढं बसून मला सगळं शिकवलं, कुठं थांबायचं तेसुद्धा. ती का शिकवत होती? मी विचारलं नाही. तिचीच वाक्यं मी तिथं जशीच्या तशी म्हटली आणि त्यांनी मला घेतलं.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. स्कूटी, माईक, शाल-नारळ. मी बाहेर असते तेव्हा घर छाया बघते — दोघींच्या मुली, सासूबाई, गुरं, सगळं. आमच्या मुली बाजूला बसत नाहीत. मी तर नाहीच. सासूबाईंनीही आता तो विषय सोडून दिला आहे. घरात एकटी छाया बसते. दर महिन्याला, पडवीत, चार दिवस. पेपर वाचते. त्या दिवसांत स्वयंपाक मला करावा लागतो, कार्यक्रम पुढं ढकलावे लागतात. मी ताट घेऊन जाते, हातात द्यायला वाकते, तर म्हणते, "ठेवा तितं, आक्का. शिवू नगा." मी ठेवते. गावोगाव बायकांना समजावणारी मी तिला एका शब्दानं काही म्हणत नाही. कधी कधी तिचे दिवस मोजून बघावेसे वाटतात. बघत नाही.

आता शेवटचं. हे मघाशीच सांगायला हवं होतं. नुसतं जुनं सांगून मोकळी झाले असते तर बरं दिसलं असतं.

यंदा लावणी उरकल्यावर संस्थेच्या मॅडम घरी आल्या होत्या. भोरकडचं काम वाढलं आहे, अजून एक बाई हवी. बारावी चालेल, वयाचं काही नाही. इकडं तिकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमच्या धाकट्या जाऊबाई बारावी आहेत ना? त्यांना का नाही विचारत?"

छाया माझ्यापेक्षा चांगलं बोलेल हे मला माहीत होतं. ती बाहेर पडली तर घरी कोण थांबणार, हेही माहीत होतं. मला विचार करायला फार वेळ लागला नाही.

"तिला नाही जमायचं, मॅडम," मी म्हणाले. "ती अजून बाजूला बसते."

मॅडमना वाईट वाटलं. "तुमच्याच घरात?" म्हणाल्या. मी मान हलवली. छाया चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ, मला माहीत नाही. तिनं आधी मॅडमना कप दिला, मग माझ्यापुढं धरला. मी घेतला आणि प्यायले.