जीपमधून उतरलेला ट्रान्झिस्टर

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, सायकल नव्हती, आणि बरीच वर्षं दाराला फळ्याही नव्हत्या. पोत्याचा पडदा होता. धामणगाव बढ्यात आम्ही दुसऱ्याच्या मळ्यात बटाईनं भाजीपाला लावायचो. वडील हंगामात मलकापूरला जिनिंगवर असायचे. घर ओढायची आई आणि तिचा धाकटा भाऊ नारायण, म्हणजे माझा मामा. आजी-आजोबा पाठोपाठ गेले तेव्हा मामा लहान होता, म्हणून आईनं त्याला आपल्याकडेच आणलं. तो मला मामा होता आणि थोडा मोठा भाऊही. मेथीच्या जुड्या बांधून आणि वांग्यांच्या डाली डोक्यावर वाहून या दोघांनी मला बुलढाण्याच्या कॉलेजात घातलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी ताठ मानेनं सांगतो, आणि सांगताना मामाचं नाव आधी घेतो.

मामाला वेड होतं ऐकायचं. गाण्याचं वेड म्हणत नाही, ऐकायचं. शेजारच्या मळ्यातल्या इंजिनाचा ठोका जरा बदलला की हा वाफ्यातून मान वर काढायचा आणि हातातलं काम तसंच राहायचं. आई वैतागून म्हणायची की याला देवानं हात दोन दिले पण कान चार दिले.

एसटी थांबायची तिथल्या हॉटेलात गावातला मोठा रेडिओ होता. मालक तो पूर्ण पिळून लावायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला लांबून ऐकू जावं. मामा बाहेर भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा मालक म्हणाला, चहा घे नाही तर चालता हो, फुकटचं ऐकू नको. मामा शांतपणे म्हणाला, "चहा राहू द्या. पण आवाज थोडा कमी करा न मालक. ते बाई गाऊन राह्यली का कोणी तिले मारून राह्यलं, समजत नाही." आतली माणसं हसली. मालक हसला नाही. त्या दिवसापासून मामाला त्या भिंतीशी उभं राहता येईना. मग त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: स्वतःचा ट्रान्झिस्टर, आणि तोही स्वतःच्या कानानं पारखून.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मामा पैसे साठवून बुलढाण्याला आला आणि मला खोलीवरून घेऊन दुकानात गेला. दुकानदारानं काउंटरवर तीन ट्रान्झिस्टर मांडले. एक खिशात मावेल एवढा, चकचकीत जाळीचा. कॉलेजची पोरं हाच नेतात, असं तो माझ्याकडे बघून म्हणाला आणि त्यानं गाणं लावलं. मामानं हात वर केला. "गाणं नको. गाणं कोणत्याही डब्ब्यात गोड लागते. बातम्या लावा. माणूस बोलून राह्यला का डब्बा बोलून राह्यला, ते तिथं समजते."

बातम्या लागेपर्यंत आम्ही बसून राहिलो. लागल्यावर मामानं एकेक ट्रान्झिस्टर काउंटरवरून काढून बाकड्यावर ठेवायला लावला, मग खाली जमिनीवर. काउंटरचं लाकूड स्वतःच वाजतं, असं त्याचं म्हणणं. मग तो दुकानाबाहेर गेला आणि रस्त्याकडे तोंड करून, पाठ आमच्याकडे ठेवून उभा राहिला. आवाज वाढवा. आता कमी करा. आणखी कमी. अगदी बारीक केल्यावरही शब्द शाबूत राहतो का, हे त्याला पाहायचं होतं. दुकानदारानं मला हळूच विचारलं की तुमचे मामा रेडिओ घ्यायला आलेत की मुलगी बघायला. मामाला बाहेरून ते बरोबर ऐकू आलं. "मुलगी पाहून झाली," तो म्हणाला. "उंद्रीची हाये. साक्षगंधही झालं."

शेवटी त्यानं घेतला तो तिन्हींतला सगळ्यात बोजड. तपकिरी कातडी कव्हर, जाड पट्टा, आणि वजन एवढं की खांद्याला वळ उठावा. लहान डब्ब्यात आवाज गुदमरते, हे त्याचं कारण. मला तो चकचकीतच आवडला होता आणि खरं सांगतो, आजही आवडतो. शिवाय मामाचा तो तपकिरी गडी सेल खाण्यात बकासुर निघाला. पण एवढ्या आनंदात मी मामाला कधीच पाहिलं नव्हतं. मला तास होता, म्हणून मी त्याला एसटी स्टँडवर सोडून कॉलेजला गेलो.

शनिवारी गावी गेलो. एसटीतून उतरलो तर पारावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली. एक म्हातारा म्हणाला, "ये बाबू. तुह्या मामानं मोठंच नाव काढलं." मागून कोणीतरी खुदकन हसलं. घरी आलो तर चूल थंड होती आणि आई भिंतीला पाठ लावून बसलेली. मला वाटलं, कोणी गेलं.

मग आईनं सगळं सांगितलं.

त्या वेळी बुलढाण्याला पुरुषांच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे कॅम्प लागायचे. गावोगावची माणसं न्यायला आणि परत सोडायला जीप असायची, आणि ऑपरेशन केलेल्याला बक्षीस म्हणून ट्रान्झिस्टर मिळायचा. आमच्या भागात एखाद्याच्या हातात नवा ट्रान्झिस्टर दिसला की लोक आधी त्याच्या चालण्याकडे बघत. मामाची एसटी चुकली होती. स्टँडबाहेर ती जीप उभी होती, ड्रायव्हर 'ये, बस' म्हणाला, हा बसला. राजूर घाटात जीपनं असे हादरे दिले की मामानं ट्रान्झिस्टर पोटाशी धरून ठेवला. गावात उतरल्यावरही त्याला धक्का लागू नये म्हणून तो पाय फाकवून, दगड चुकवत, एकेक पाऊल जपून टाकत भर बाजारातून घरी आला.

गावानं पाहिलं ते एवढंच: कॅम्पाची जीप, नवा ट्रान्झिस्टर, आणि ती चाल. आणि याचं तर अजून लग्नही व्हायचं होतं.

बातमी त्याच्या आधी आईपर्यंत पोचली होती. तिनं दारातच विचारलं, "काय करून आला तू?"

"करायचं होतं ते करून आलो, बाई."

"मले विचारलं काऊन नाही?"

"तू नाहीच म्हटलं असतं."

तिनं कसंबसं विचारलं की दुखतं का.

"घाटात लय हादरे बसले," मामा म्हणाला. "पण काही बिघडलं नाही. पाह्य, लावून दाखवतो."

मामानं ट्रान्झिस्टर लावला. आई रडू लागली, आणि याला वाटलं, आनंदानं रडते आहे.

आईचा गैरसमज त्याच संध्याकाळी दूर झाला. गावाचा झाला नाही. मामा जितकं नाही म्हणे, तितकं लोकांना खात्रीनं हो वाटे. सगळेच असंच म्हणतात, असं म्हणून ते डोळा मारत. बिल दाखवलं तर म्हणाले, कॅम्पातही कागद देतात.

आणि रविवारी उंद्रीहून मामाच्या होणाऱ्या बायकोचे, कमलचे वडील आले. रामभाऊ त्यांचं नाव. घाटावरचा सरळ, करारी माणूस. ते बसले, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. मी पुढे झालो. मी स्वतः दुकानात हजर होतो, कॉलेजात शिकतो, खोटं कशाला बोलू, असं सगळं मी नीट शब्दांत मांडलं. माझ्या बोलण्याचा मला तेव्हा मोठा भरवसा होता. रामभाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, तू जीपमधी होता का?"

नव्हतो.

"मंग तुले काय माहीत, हा कुठून बसला न कुठं जाऊन आला? माही एकच लेक हाये. मी तिले लेकराबाळांच्या घरात देणार." ते उठले. साक्षगंधाची साडी आईच्या पुढ्यात ठेवली आणि गेले.

ज्याच्यावर घर उभं होतं त्या माणसाचं लग्न एका डब्यापायी मोडलं होतं. मामाला विचारलं, जीपमध्ये आणखी कोण होतं? एकानं जरी सांगितलं की हा स्टँडवरून बसला, तर प्रश्नच मिटेल. मामा म्हणाला, होते परगावचे दोन-चार. कोणत्या गावचे? माहीत नाही. नावं? विचारली नाहीत. आवाजावरून इंजिनातला बिघाड ओळखणारा हा माणूस, गाडीत शेजारी कोण बोलत होतं ते सांगेना. आई त्याच्या पाया पडायची बाकी राहिली. तो हलला नाही. ट्रान्झिस्टर बंद करून खुंटीला टांगला आणि मेथीला पाणी द्यायला निघून गेला. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. वाटलं, खरंच करून आला की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे शेषराव आमच्या दारात उभे राहिले. चार लेकरांचा बाप, गावच्या भजनात पुढे बसणारा, बोलायला कडक. बगलेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवून गोधडी उलगडली. आत कॅम्पात मिळायचा तसा लहानसा, कोरा ट्रान्झिस्टर.

"त्या दिवशी जीपमधी मी होतो," ते आईला म्हणाले. "गावाच्या अलीकडंच मळ्यापाशी उतरलो, कोणी पाहू नये म्हणून. नारान स्टँडावरून बसला, डब्बा त्याच्या हाती पहिलेच होता. म्या त्याले आण घातली, का माहं नाव कोणाले सांगू नको." मग मामाकडे वळून ते चिडून म्हणाले, "पण तू बे येडा हायेस का? लग्न मोडेपर्यंत आण पाळाव लागते का?"

मामा खाली बघत म्हणाला, "तुमचं झाकलेलं उघडं करून म्या मांडवात बसाव का, शेषरावभाऊ?"

आईनं तोंडाला पदर लावला. आदल्या दिवशी नीट शब्दांत मांडलेलं माझं सगळं बोलणं मला फुसकं वाटलं.

आम्ही चौघं उंद्रीला गेलो, दोन ट्रान्झिस्टर घेऊन. रामभाऊंच्या ओसरीवर त्यांचे भाऊबंद जमले. शेषराव उभे राहिले. त्यांनी सांगितलं, "कॅम्पात मी गेलो होतो, हा नाही. चार लेकरं झाले, घरवालीची तब्येत चालत नाही, म्हणून म्या केलं. हा डब्बा तिथला. तो दुकानातला."

असं कोणी चारचौघांत बोलतं, हेच त्या लोकांना ठाऊक नव्हतं. एकानं मान फिरवली, एक उठून अंगणात गेला.

रामभाऊ दोन्ही डबे हातात घेऊन बघू लागले. मग म्हणाले, डब्बे तर दोन्ही नवेच दिसतात, दुकानातला आणि बक्षिसाचा ओळखायचा कसा? मामा तिथं पहिल्यांदा बोलला. "ऐकून." दुपारच्या बातम्यांची वेळ होती. त्यानं दोन्ही ट्रान्झिस्टर जमिनीवर ठेवले आणि आधी एक, मग दुसरा लावला. रामभाऊंनी वाकून ऐकलं. भाऊबंदांनी ऐकलं. आणि रामभाऊ म्हणाले, "दोन्ही सारखेच बोलून राह्यले."

मामाचा चेहरा उतरला. एवढा पारखून घेतलेला आवाज, आणि फरक कोणाला कळेना.

तेवढ्यात आतल्या दाराआडून कमलचा आवाज आला. "सारखे नाहीत, बाबा. या मोठ्या डब्ब्यातल्या बाईले सर्दी झालेली समजते. त्या दुसऱ्यात नाही समजत."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मामानं मोठा ट्रान्झिस्टर पुन्हा लावला. बातम्या देणारी बाई खरंच नाकात बोलत होती. लक्ष देऊन ऐकलं तर मधेच आवाज बारीक दाटत होता. लहानग्या डब्यात तीच बाई ठणठणीत होती. मामा ट्रान्झिस्टर विसरून त्या दाराकडे बघत राहिला. त्याच्यासारखं ऐकणारं दुसरं कोणी या जगात असेल, हे त्याला माहीतच नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी सगळ्यात मोठा धक्का त्यालाच बसला.

"असा पारखलेला डब्बा बक्षिसात भेटत नाही," रामभाऊ म्हणाले आणि त्यांनी शेषरावांना हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. मग त्यांनी चहा सांगितला, आणि आईनं पिशवीतून साडी बाहेर काढली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. कमलमामी घरात आली आणि संध्याकाळच्या बातम्या दोघं शेजारी बसून ऐकू लागली. मध्ये बोललेलं दोघांनाही खपायचं नाही. पुढे दोन मुली झाल्या. धाकटी दोन वर्षांची झाल्यावर मामा एक दिवस दुपारी शेषरावांना सोबत घेऊन उघडपणे कॅम्पाला गेला. मुलगा नसताना यानं हे केलं म्हणून गाव पुन्हा हादरलं, आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. बक्षिसाचा ट्रान्झिस्टर त्यानं घेतला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "फुकट भेटला म्हणून काय खरखर ऐकाव?"

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्याला ऐकू कमी यायचं, तेव्हा मामी त्याच्या कानाशी तोंड नेऊन दिवसभराच्या बातम्या सांगायची, ओरडून नाही, हळू. पोरींचं शिक्षण दोघांनी कधी थांबू दिलं नाही. मोठी बीएस्सी झाली, धाकटी बीए. आमच्या घरात आज तीन पदवीधर आहेत.