दोन आज्यांची सायकल

सुलेखाताई आगाशे कुणावर जळणाऱ्यातल्या नव्हत्या. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. धाकट्या जावेने कोथरूडला मोठा फ्लॅट घेतला, टेलिफोन खात्यात मागून लागलेली मैत्रीण त्यांच्या आधी सुपरवायझर झाली, तरी त्यांनी दोन्ही ठिकाणचे पेढे गोड मानून खाल्ले होते. मग २००४ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या मुलाकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला गेल्या, आणि पोटात दुखणं म्हणजे काय असतं ते त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

मुलगा उल्हास तिथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. सून विभावरी अर्धा दिवस नोकरी करायची. आणि सहा वर्षांची नात अन्वी. तिच्यासाठी सुलेखाताईंनी तुळशीबागेतून पितळेची भातुकली आणली होती. अन्वीने एकेक भांडं हातात घेऊन पाहिलं, "डांके, आजी" असं म्हणून आभार मानले, आणि बूट चढवून जिन्यावरून खाली धूम पळाली.

"कुठे गेली गं ही?"

"ओमाकडे," विभावरी म्हणाली. "तळमजल्यावरच्या फ्राऊ केस्लर. मला ऑफिसात उशीर झाला की त्याच सांभाळतात तिला. एकट्याच असतात."

"ओमा म्हणजे?"

विभावरी जरा घुटमळली. "म्हणजे... आजीच. पण आई, इथे असं म्हणतात हो, कुणालाही."

कुणालाही! सुलेखाताईंनी चहाचा कप बाजूला सारला.

केस्लरबाई सत्तरीच्या. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, कमरेच्या दुखण्यामुळे चालताना एका बाजूला कलणाऱ्या. त्यांच्याशी अन्वी झऱ्यासारखी खळखळ बोलायची. सुलेखाताईंशी बोलायची ती मोजून. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. रात्री सुलेखाताई गोष्ट सांगायला बसल्या की ऐकायची मात्र टक लावून. पण सकाळ झाली की पुन्हा ओमा, ओमा.

शनिवारी तर बघायलाच नको. जवळच्या चर्चच्या तळघरात सायकलींची एक वर्कशॉप होती. लोक आपापल्या घरातल्या जुन्या सायकली तिथे आणून टाकायचे, आणि ज्याला हवी त्याने त्यातून हवी ती उचलून, सुटे भाग शोधून, स्वतःच जोडायची. हत्यारं तिथली, हात आपले. केस्लरबाई तिथे दर शनिवारी मदतीला असत. त्यांनी अन्वीसाठी एक छोटी लाल सायकल हेरली होती, चाळीसेक वर्षांपूर्वीची, आणि दोघी मिळून ती जोडत होत्या.

"मीही येते," एका शनिवारी सुलेखाताई म्हणाल्या. नुसतं बघायला, असं त्यांनी वर सांगितलं.

तळघरात पाय ठेवला आणि त्यांना वंगणाचा ओळखीचा वास आला. तीस वर्षं त्या सहकारनगरहून कॅम्पातल्या टेलिफोन एक्स्चेंजला सायकलने गेल्या होत्या. सायकलीचं काय नि कसं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण विचारतंय कोण? अन्वी केस्लरबाईंच्या मांडीला खेटून उभी होती. नाकाला काळं लागलेलं. केस्लरबाईंनी आपल्या रुमालाने ते पुसलं, आणि पोरीने निमूट पुसू दिलं. घरी सुलेखाताई तोंड पुसायला गेल्या की मान वळवायची!

सायकल जवळजवळ झाली होती. फक्त एका बाजूचा पायडल लटलटत होता, कारण दांड्यातली कॉटर पिन नव्हती. बोटाच्या पेराएवढी तिरपी खिट्टी, पण तिच्यावाचून पायडलचा दांडा आसावर घट्ट बसत नाही. जुनं माप दुकानात मिळेना. केस्लरबाई चष्मा कपाळावर चढवून बिस्किटांच्या डब्यांमधले गंजके खिळे-नट उपसत होत्या. सुलेखाताईंनी वेळ घालवायला म्हणून जवळचा एक डबा ओढला, आणि दुसऱ्याच मुठीत ती त्यांच्या हाताला लागली. तेच माप. बघताक्षणी कळलं.

त्यांनी वर पाहिलं. अन्वी केस्लरबाईंच्या कानात काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

सुलेखाताईंनी मूठ मिटली. मग स्वेटरच्या खिशात हात घातला, आणि बाहेर काढला तो रिकामा.

त्यानंतरचे शनिवार तसेच गेले. केस्लरबाईंनी प्रत्येक डबा पुन्हा पाहिला. कंबर धरून बोब्लिंगेनला गेल्या, तिथून एस-बान, म्हणजे लोकल, पकडून श्टुटगार्टच्या दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये हिंडून आल्या. पिन मिळाली नाही. अन्वीचा उत्साह ओसरला. एका शनिवारी ती तळघरात गेलीच नाही.

सुलेखाताईंना वाटलं, जिंकले. गुळपापडी केली, भातुकली मांडली. पण पोर सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गोष्ट? नाइन. गुळपापडी? नाइन. आजीशी धड नाही, ओमाशीही धड नाही. हे कसलं जिंकणं, असं त्यांच्या मनात आलं, पण कपाटातल्या स्वेटरला त्यांनी हात लावला नाही.

त्या संध्याकाळी विभावरी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, आज फ्राऊ केस्लर जिन्यात भेटल्या. तुमच्याबद्दल विचारत होत्या."

"माझं काय?"

"तुम्ही अन्वीला काय खायला घालता, कसल्या गोष्टी सांगता. तुम्ही आल्यापासून ती त्यांच्याकडे जेवायला थांबतच नाही म्हणे. आजीची गोष्ट, आजीचा भात, हेच चालू असतं त्यांच्याकडे. सायकल झाली की पुन्हा जेवायला थांबेल, असं वाटलं होतं त्यांना." विभावरी हसली. "मला सरळ म्हणाल्या, मी त्या बाईंवर जळते."

सुलेखाताईंच्या हातातली गवार तशीच राहिली. "अशी म्हणाली? तोंडावर?"

"हो. हसत हसत. पण खरंच म्हणत होत्या."

आधी सुलेखाताईंना आनंद झाला, अगदी उकळी फुटल्यासारखा. ती जळते! माझ्यावर! पोर खाली जाऊन माझ्या भाताचं कौतुक करते! मग जरा वेळाने त्यांना दुसरंच काही टोचू लागलं. ती बाई जळली, तर तिने जिन्यात उभं राहून तसं सांगून टाकलं. आणि आपण?

पुढच्या शनिवारी अन्वीला जवळजवळ ओढतच त्या तळघरात घेऊन गेल्या. सरळ केस्लरबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पिन त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"वो?" केस्लरबाईंनी विचारलं. कुठे होती?

सुलेखाताईंनी डब्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांचं बोट तिथे थांबलं नाही. त्यांनी आपल्या स्वेटरच्या खिशावर थाप मारली.

केस्लरबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. एक लांबलचक, धारदार वाक्य त्या बोलल्या.

"काय म्हणाल्या गं?" सुलेखाताईंनी नातीला विचारलं.

"निश्ट्स," अन्वी जमिनीकडे बघत म्हणाली. काही नाही.

सुलेखाताई तिथून हलल्या नाहीत. केस्लरबाईंनी पिन भोकात घातली, हातोडी उचलली आणि रागारागाने एक घाव घातला. सायकलच कलंडली. दुसऱ्या घावाच्या आत सुलेखाताईंनी एक लाकडी ओंडका ओढून दांड्याखाली लावला आणि दोन्ही हातांनी सायकल आवळून धरली. केस्लरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "गेनाऊ," अस्संच, त्या पुटपुटल्या, आणि पिन ठोकून बसवली. वर नट सुलेखाताईंनी आवळला.

शिकवायची वेळ आली तेव्हा केस्लरबाईंची कंबर आडवी आली. त्यांना पळता येईना. चर्चमागच्या मोकळ्या जागेत सुलेखाताईंनी पदर खोचला, साडीखाली उल्हासचे जुने स्पोर्ट्स शूज घातले, आणि सीट धरून नातीमागे धावल्या. केस्लरबाई पलीकडच्या टोकाला हात पसरून उभ्या. अन्वी किंचाळत होती, मराठीत. "सोडू नकोस! आजी, सोडू नकोस!" सुलेखाताईंनी कधीच सोडलं होतं. पोर तोल सावरत थेट केस्लरबाईंच्या मिठीत जाऊन आदळली, आणि तेव्हाही, खरं सांगायचं तर, सुलेखाताईंच्या छातीत जरासं चिमटलंच.

व्हिसा संपला, त्या पुण्याला परतल्या. फोनवर अन्वी सायकलची हकिगत सांगायची, मराठी आणि जर्मन कालवून. ओमाने सीट उंच केली, ओमाने घंटी लावली. "हो का, छान," म्हणून सुलेखाताई फोन ठेवायच्या आणि मग बराच वेळ घरात उगाच आवराआवर करत बसायच्या.

दोन वर्षांनी त्या पुन्हा गेल्या. लाल सायकल आता अन्वीला लहान होत होती. पहिल्याच शनिवारी दोघी आज्या तिला घेऊन तळघरात गेल्या आणि सायकलींच्या ढिगाऱ्यात शिरल्या. सुलेखाताईंना एक निळी पसंत पडली, केस्लरबाईंना एक काळी, जुनी तीन गिअरवाली. एक मराठीत, एक जर्मनमध्ये, दोघी तावातावाने भांडल्या. कुणी माघार घेईना.

अन्वी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती.

"तुला कुठली गं?" शेवटी सुलेखाताईंनी विचारलं.

अन्वी म्हणाली, तिला यातली कुठलीच नको. वर्गातल्या लेनाकडे आहे तशी हवी, दुकानातली, कोरी, जाड टायरची. बाबा पुढच्या आठवड्यात घेणार आहे. हे तिने आधी मराठीत सांगितलं आणि मग ओमासाठी जर्मनमध्ये.

केस्लरबाईंनी काळी सायकल भिंतीला टेकवली. सुलेखाताईंनी निळीवरची धूळ पदराने पुसली, उगाचच.

"लेना!" केस्लरबाई म्हणाल्या.

"कोण ही लेना?" सुलेखाताईंनी विचारलं, आणि दोघी अन्वीकडे बघत राहिल्या.