धुक्यातली मॅच मोजायची की नाही

कॅल्डरबेक टाऊनच्या मैदानावर शनिवारी सरासरी एकशे चाळीस माणसं येतात. कुत्री धरली तर दीडशे. इतक्या थोड्या माणसांत कोण आलं नाही हे लगेच कळतं, आणि नेव्हिल रॉथवेल आला नाही असा शनिवार मी पाहिलेला नाही. १९७४ पासून आपल्या गावची मॅच, घरची असो वा बाहेरची, त्याने चुकवलेली नाही. लग्न त्याने जूनमध्ये केलं, कारण जूनमध्ये फुटबॉल नसतं. मुलगी जन्मली ती मार्चमधल्या शनिवारी दुपारी एक वाजता. बायकोने स्वतःच त्याला सांगितलं, जा बाबा, इथे येरझारा घालून माझं डोकं उठवू नकोस. तो दुसऱ्या हाफला येऊन उभा राहिला. ती मॅच पूर्ण धरायची की अर्धी, यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला.

नेव्हिल बस डेपोत कारकून होता. कोणत्या ड्रायव्हरला कोणती पाळी, कोण रजेवर, कोणाची सुट्टी कधी फिरते, हे सगळं त्याच्या वहीत असायचं. आता निवृत्त आहे, पण तीच सवय क्लबच्या कामी आली. कोण किती मॅच खेळला, कोणाला कितवं पिवळं कार्ड मिळालं, पावसाने कोणती मॅच पुढे गेली, सगळं त्याच्याकडे. क्लबमध्ये त्याला पद नव्हतं, कधी मागितलंही नाही. पण आमची सेक्रेटरी ग्लेनिस हिंडल दर शुक्रवारी त्याला फोन करून विचारायची, उद्या कोणाला खेळवता येणार नाही? लीगचा कॉम्प्युटर काय म्हणतो ते ती नंतर बघायची. कधीकधी बघायचीही नाही. बावीस वर्षांत वही चुकली नव्हती.

आमची अवस्था थोडक्यात सांगतो, तक्रार म्हणून नाही. इंग्लंडच्या फुटबॉलच्या जिन्यावर वरून मोजलं तर आम्ही आठव्या पायरीवर. वीस मैलांवर मोठ्या क्लबचं मैदान आहे आणि आमच्या गावातली पोरं त्यांचे शर्ट घालून फिरतात. त्यातल्या निम्म्यांनी ते मैदान फक्त टीव्हीवर पाहिलेलं असतं. आमच्या मैदानापासून ती पोरं चार मिनिटांवर राहतात. लीगवाले दर उन्हाळ्यात नकाशा घेऊन बसतात आणि आम्हाला कुठेतरी लांब ढकलतात, मग मंगळवारी संध्याकाळी नव्वद मैल प्रवास करायचा, आणि आमचे खेळाडू तर दिवसा प्लास्टर करतात, माल पोचवतात, एक जण शाळेत शिकवतो. हिवाळ्यात मैदानाचं तळं होतं. शेजारच्या गावात एखादा पैसेवाला येतो, क्लब विकत घेतो, दोन वर्षं वर जातो, मग कंटाळतो आणि मागे कुलूप उरतं. आमच्याकडे तसा कोणी आला नाही. म्हणून आम्ही अजून आहोत, असं नेव्हिल म्हणायचा. मी म्हणायचो, म्हणूनच आठव्या पायरीवर आहोत.

मी आणि तो पन्नास वर्षं गोलच्या मागे शेजारी शेजारी उभे राहिलो. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतो त्याच्या मागे. हाफटाइमला चहा घेऊन सगळे चालत दुसऱ्या टोकाला जातात, पाहुण्या संघाची माणसं समोरून येतात, वाटेत एकमेकांना टोमणे मारून होतात. या चालण्यात नेव्हिलशी माझं जेवढं बोलणं झालंय तेवढं माझ्या सख्ख्या भावाशी झालेलं नाही.

आमच्यातला कायमचा वाद एकच. सुरू झालेली मॅच मध्येच थांबली, दिवे गेले, बर्फ पडला, तर ती मॅच झाली म्हणायची की नाही? लीग म्हणते नाही. निकाल रद्द, पुन्हा खेळा. मीही म्हणायचो नाही. नेव्हिल ऐकायचा नाही. “मी तिकीट काढलं, शिटी ऐकली, पाय गारठवून घेतले. आता न झालेल्या मॅचला माझे पाय कसे गारठले ते तू मला सांग.” त्याच्या वहीत अशा सात मॅचेस होत्या आणि त्या सातही त्याने मोजल्या होत्या.

गेल्या जानेवारीत आठवी झाली. स्केल्बीला गेलो होतो. त्रेसष्टाव्या मिनिटाला असं धुकं उतरलं की त्यांचा गोलकीपर आम्हाला दिसेना. तो आमच्यापासून बारा फुटांवर होता. रेफरीने मॅच बंद केली. आमचा बचावपटू कीरन डक्सबरी त्या दिवशी खेळत नव्हता. पाच पिवळी कार्डं झाल्यामुळे त्याला एका मॅचची बंदी होती. पुढच्या शुक्रवारी ग्लेनिसने नेहमीसारखा फोन केला, नेव्हिलने वही बघून सांगितलं, कीरनची बंदी भोगून झाली, खेळवा. शनिवारी व्हिनफेलविरुद्ध आम्ही एक-शून्यने जिंकलो. गोल कीरननेच केला, डोक्याने. त्यानंतर गुडघा दुखावल्याने तो एक मॅच बाहेरच बसला आणि मग सीझन संपेपर्यंत खेळला.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमचे एक्केचाळीस गुण झाले आणि व्हिनफेलचे एकोणचाळीस. एकच क्लब खाली जाणार होता. व्हिनफेल गेलं, आम्ही वाचलो. माणसं रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली? सत्तरी आली की माणसाला रडायला परवानगी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या वाफ्यात बटाटे लावत होतो. नेव्हिल कुंपणापाशी येऊन उभा राहिला. वही हातात. रात्री त्याने सीझनचे सगळे आकडे बेरजेला घेतले होते आणि त्याच्या आणि लीगच्या आकड्यांत एका मॅचचा फरक होता. त्याने धुक्यातल्या मॅचवर बोट ठेवलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याच मॅचवर कीरनची बंदी संपवली होती. लीगच्या हिशेबी ती मॅच झालीच नव्हती. म्हणजे बंदी भोगलीच गेली नव्हती. म्हणजे व्हिनफेलविरुद्ध कीरन खेळायलाच नको होता. पुढे गुडघ्यामुळे तो बाहेर बसला ती मॅच बंदीत धरली जाते, त्यामुळे घोळ त्या एकाच मॅचचा होता.

मी फावडं जमिनीत रोवलं. बंदीतला खेळाडू खेळवून जिंकलेल्या मॅचचे तीन गुण लीग कापते; ते कापले तर आमचे अडतीस होतात, हे कळायला वही लागत नव्हती.

“कोणाला कळलंय?” मी विचारलं.

“मला.”

“म्हणजे कोणालाच नाही.”

“डग, मला कळलंय.”

मी त्याला सगळं सांगून पाहिलं. तीन महिने झाले, व्हिनफेलवाल्यांनी तोंड उघडलं नाही, लीगने उघडलं नाही. लीग काही शोधायला बसत नाही, कोणी तक्रार केली तरच बघते. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यातून हा काही लबाडीचा मामला नव्हता. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? एकदा खाली गेलो की कीरन जाईल, मॅनेजर जाईल, एकशे चाळीसाचे नव्वद होतील, आणि नव्वद माणसांवर क्लब चालत नाही. हे सगळं मी ओरडून बोललो. शेजारच्या वाफ्यातली बाई उठून शेडमध्ये गेली.

नेव्हिलने ऐकून घेतलं. म्हणाला, व्हिनफेललाही नव्वदच येतात.

“त्यांचं तू कशाला बघतोस?”

“त्यांच्यातही कोणीतरी वही ठेवत असेल की रे. तो काल घरी गेला असेल.”

मी म्हटलं, तू सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस. हे मी खरंच म्हटलं. तो बटाटे जरा खोल लाव म्हणाला आणि गेला.

सोमवारी तो ग्लेनिसकडे गेला. ती दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर असते, तिथेच जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं. हे मला तिनेच नंतर सांगितलं. तो पत्र लिहूनच घेऊन गेला होता, चूक माझी आहे, खाली त्याची सही. तिने ते वाचलं आणि त्याला परत दिलं. “नेव्हिल, लीगला तू कोण आहेस हे माहीत नाही. संघाच्या कागदावर सही माझी आहे.” त्याने फार गयावया केली. ती म्हणाली, कॉम्प्युटर बघायचं काम माझं होतं आणि मी तुला फोन करत बसले, कारण कॉम्प्युटर हवापाणी विचारत नाही. त्याच दुपारी तिने स्वतःच्या नावाने लीगला कळवलं.

तीन गुण गेले. व्हिनफेल राहिलं, आम्ही खाली गेलो. ग्लेनिसने राजीनामा दिला. तिच्याकडे कोणी मागितला नव्हता. कीरन महिन्याभरात दुसऱ्या क्लबला गेला, मॅनेजर त्याच्या मागोमाग.

गावाने नेव्हिलला शिव्या दिल्या नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. आमच्याकडे माणसं हवेबद्दल बोलून निघून जातात. मी तेवढंही केलं नाही. एकदा दुकानात तो दुधाच्या कपाटापाशी दिसला तर मी दूध न घेता बाहेर आलो आणि घरी बायकोला सांगितलं की दूध संपलं होतं. पन्नास वर्षांचा शेजारी होता तो माझा, आणि मला त्याचा इतका राग आला होता की सकाळी उठल्यावर पहिला विचार त्याचा यायचा. राग कशाचा, ते मात्र मी नीट बघत नव्हतो. क्लब खाली गेला याचा, असंच स्वतःला सांगत होतो.

जूनमध्ये क्लबची वार्षिक सभा झाली. सतरा माणसं. अध्यक्षांचा छपरं घालायचा धंदा आहे, ते सरळ मुद्द्यावर येतात. म्हणाले, शुक्रवारपर्यंत सेक्रेटरीचं नाव लीगला कळवायचं आहे. नाव नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर क्लब नाही. कोण करणार?

कोणी हललं नाही. ही आमची खरी अवस्था. खेळाडू मिळतात, मॅनेजर मिळतो, गवत कापायलाही कोणी ना कोणी येतं. पण शुक्रवारी रात्रीपर्यंत फॉर्म भरणारा, मंगळवारी रेफरीला शोधणारा, आणि बोलणी खाणारा माणूस कुठल्याच गावात मिळेनासा झालाय. एकाची बायको आजारी होती, एकाला नातवंडं होती. एक जण म्हणाला की मला लिहिण्याचा कंटाळा आहे. निदान तो खरं बोलला.

मग मागच्या रांगेतून ग्लेनिस म्हणाली, “नेव्हिल.”

नेव्हिल दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता, कोट अंगावरच. तो उठून उभा राहिला. म्हणाला की चूक माझ्या वहीतली होती हे इथे सगळ्यांना माहीत आहे, मला नका घेऊ.

“ती चूक तुझी करून झालीय,” ग्लेनिस म्हणाली. “नवा माणूस आणला तर तो पहिल्यापासून सुरू करेल.”

दोघे-चौघे हसले. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर गेला. घाईने नाही. कोणी कोणी खाली बघत वर केला. मी मोजत होतो. पंधरा झाले. नेव्हिल स्वतःचा हात वर करणार नव्हता, म्हणजे राहिलो मी. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात वर केला, आणि सभा संपल्यावर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने बटाट्यांचं विचारलं. मी म्हटलं, वर आलेत.

घरी चालत येताना मला एक गोष्ट कळली, आणि ती मी कोणाला सांगितलेली नाही. मी त्या क्लबात नेव्हिलइतकाच जुना आहे. निवृत्त आहे, मोकळा आहे, कॉम्प्युटर मला त्याच्यापेक्षा बरा येतो. अध्यक्ष नाव मागत होते तेव्हा खोलीभर शांतता होती आणि मी पहिल्याच रांगेत बसलो होतो. त्या रविवारी वही माझ्या हातात असती तर मी ती मिटून बटाटे लावले असते आणि मला झोपही नीट लागली असती. सभेत माझं नाव कोणीच घेतलं नाही, आणि का घेतलं नाही हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.