लाव्ह्यांचं खुराडं

आक्का सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी यायची होती. ती सहाव्यातच आली, आणि रिकामी आली. बाहत्तरच्या दुष्काळाचं ते साल. वैरणीला सोन्याचा भाव, आणि तिच्या सासरी, श्रीरामपूरकडच्या पाटाखालच्या गावात, ऊस उभा होता. उसाच्या वाढ्यांचे, हिरव्या शेंड्यांचे, भारे विकायचे म्हणून पोटुशी सून बांधावरून वाहायला लावली. भारा उतरवताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यातून थेट आमच्याकडे पोहोचवली.

शेजारीपाजारी विचारत, तर आई सांगायची, हवापालटाला आलीय. आमच्या पारनेरच्या माळावर त्या वर्षी हवेशिवाय दुसरं होतं तरी काय?

आक्का बोलायची नाही. वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. तिला परत नांदायला पाठवायचं की नाही, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि तोंडात कुणाच्याच नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला वाटायचं, नाहीच पाठवणार. कोण पाठवेल?

विहिरीच्या कडेला बैलांच्या चाऱ्यापुरतं एक वाफा कडवळ होतं. ते कापताना आक्काच्या विळ्यापुढून एक लाव्ही भुर्रकन उडाली. लाव्हा म्हणजे मुठीत मावणारा, मातीच्या रंगाचा रानपक्षी. पायाखाली येईपर्यंत दिसायचा नाही. खाली घरटं होतं, त्यात सात अंडी. कडवळ तर कापायलाच हवं होतं, आणि उघड्या रानात लाव्ही परत येत नाही. आक्काने अंडी पदरात घेतली आणि घरी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवली.

पाच फुटली. पिल्लं अंगठ्याच्या पेराएवढी. आक्का त्यांना वाळवी आणायची, बाजरीच्या कण्या बारीक करून घालायची. मातीच्या परळात पाणी ठेवायचं तर पिल्लू बुडेल, म्हणून त्यात खडे टाकायची. आणि एक दिवस मागच्या अंगणातून तिचा आवाज आला. ती पिल्लांशी बोलत होती.

"हळू खा गं. कोन हिसकावीत न्हाई तुमचं."

सासरी तिचं काय चाललं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. आई भाकरी थापता थापता थांबली. वडील भिंतीपलीकडे दावं वळत बसले होते. त्यांनीही ऐकलं.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, म्हणजे तोंडाला कुलूप. मुलींशी बोलायचं म्हणजे काम सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण पुढच्या बाजारी ते पारनेरहून बारीक जाळी घेऊन आले. माणसं रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन दिवस काढत होती आणि आमच्याकडे पाखरांसाठी जाळी! आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वडिलांनी जाळी भिंतीला टेकवली आणि आक्काला म्हणाले, "मुंगूस फिरतंय हितं. कोंबडीच्या भरवशावर न्हाई राहायचं."

मग दोघं कामाला लागली. बाभळीचे चार खांब तासले. मुंगूस खालून उकरतं, म्हणून चारी बाजूंनी कोपरभर खोल चर खणला, जाळी त्यात उतरवली आणि वर दगड ठोकून बसवले. धामण शिरू नये म्हणून वडील प्रत्येक सांध्यात करंगळी घालून बघायचे. करंगळी गेली की सगळं पुन्हा उचकटायचे. तेलाचे डबे कापून, ठोकून सरळ केले आणि त्याचं छप्पर घातलं. दाराला एक कडी मांजर पंजाने उचलतं, म्हणून दोन कड्या. आक्का खांब धरायची, खिळे-चुका हातात द्यायची. "धर." "सोड." "आजून वर." याखेरीज दोघांत बोलणं नाही. पण आक्काच्या गालावर रंग यायला लागला होता. एकदा वडिलांच्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि ते इतकं खास गावठी बोलले की आक्का हसली. मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार. ते माझ्या त्या वर्षातले सगळ्यांत सुखाचे दिवस. मी नुसती ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत असे.

खुराडं असं झालं की बघायला माणसं यायची. "आमच्या घराला न्हाई असा बंदोबस्त," म्हणायची. मुंगूस खरंच आलं. चारी बाजूंनी फिरून, उकरून, हात हलवत परत गेलं.

आणि मग एक दिवस माझ्या हातून घागर निसटली. घडघडत अंगणात गेली. लाव्हा घाबरला की पळत नाही, सरळ वर उसळतो. रानात वर आभाळ असतं. इथे पत्रा होता. एकदाच ठण्ण झालं. आक्काने दार उघडलं तेव्हा त्यातला सगळ्यांत धीट नर मान टाकून पडला होता.

वडील धावत आले. पाखरू हातात घेऊन म्हणाले, "येवढं घट केलं, तरी..."

आक्का रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "तुमी भायेरून काय येतंय तेवढंच बघितलं, दादा. आतल्याचं काय हुईल ते न्हाई बघितलं."

वडिलांचा चेहरा उतरला. आमच्या कोरड्या मुलखात लेक द्यायची ती पाणी बघून. आक्काचं ठरवायला वडील गेले तेव्हा त्यांनी पाट बघितला, विहिरीत पोहरा सोडून दोर मोजला, आणि घरी येऊन म्हणाले, "पोरीला घागर वाहायला लागनार न्हाई." आमच्या गावात त्याच्यापुढे कुणी काही विचारतच नसे. सासू कशी, नवरा कसा, घरात कोण कुणावर हात टाकतं, हे बघायची रीतच नव्हती. आक्काने त्यातलं अवाक्षर काढलं नाही. पण तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ती कशाबद्दल बोलतेय ते कळलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पत्र्याखाली गोणपाट ताणून बांधलं. लाव्हे मग कितीदा उसळले, पण गोणपाटाला लागून खाली यायचे. एकही मेला नाही.

संक्रांत झाल्यावर तिचे सासरे आणि चुलत सासरे आले. चहा झाला. सासरे खुराड्याकडे बघून हसले. "कालवनाला बरी हायती की." मग सासरे मुद्द्यावर आले. पोरगी धाडा, नाहीतर आम्ही पोराचं दुसरं लगीन लावतो. भावकीतले चारजण येऊन बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. एक जण माझ्याकडे हात करून म्हणाला, "मागं दुसरी हाय. थोरली घरी बसली तर हिला कोन करनार?"

तिथेच निकाल लागला. माझ्या नावाने लागला. मी लग्न करत नाही, असं मी ओरडले, तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

आक्काने ट्रंक भरली. निघताना ती खुराड्यापाशी गेली, पाण्याचं परळ धुऊन भरलं, मग वडिलांसमोर उभी राहिली. सासऱ्यांना ऐकू जाईल की नाही याची तिने पर्वा केली नाही.

"मुंगसाला कोन सोताच्या हातानं दार उघडून देतंय का, दादा?"

तिने पदर घेतला आणि ती त्या दोघांमागून चालायला लागली. एसटीपर्यंत वडील ट्रंक घेऊन गेले.

त्या संध्याकाळी त्यांनी खुराड्याला तिसरी कडी बसवली. चुका ठोकताना रडत होते. आईने त्यांना अडवलं नाही आणि जवळही गेली नाही. मला त्यांचा राग आला होता. आज त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पुरता गेलेला नाही, आणि त्या पाठमोऱ्या माणसाची कीवही गेलेली नाही.

नागपंचमीच्या सणाला वडील तिला आणायला गेले. यावेळी आणली की सोडायची नाही, असं आईला सांगून गेले. भावकी गेली खड्ड्यात, म्हणाले. पण आले एकटेच. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग आक्का जे बोलली ते त्यांनी आम्हाला सांगितलं. एरवी दोन शब्दांत उरकणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी एक शब्द गाळला नाही.

"म्हनली, आता न्येनार आनि सन झाला की पुन्यांदा हितंच आनून सोडनार. मग कशाला, दादा? म्हायेरी आलं की हितलं लई जड जातं."

"सोडनार न्हाई म्हनून सांगितलं न्हाई का तुमी?" आईने विचारलं.

"सांगितलं," वडील म्हणाले. "तिला खरं वाटलं न्हाई."