दहा एमएल

संत्र्याच्या सिरपचा वास आला की मला सिल्वासातली ती दुपार आठवते. मी शिक्षिका म्हणून नुकतीच तिथं रुजू झाले होते आणि भाड्याच्या खोलीत एकटीच तापाने पडले होते. घसा सुजून गोळी गिळवेना, म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. चिठ्ठीवर पाचशे एमजी होतं, टोपणावर मात्र एमएलच्या खुणा, त्याही दहापर्यंतच. घाबरून मी मेडिकलवाल्याला फोन केला. "बेन, एमजी म्हणजे दवाचं वजन, एमएल म्हणजे माप. पाच एमएलमध्ये अडीचशे एमजी असतं, तुम्ही दहा एमएल घ्या," तो म्हणाला. मग थांबून त्याने विचारलं, "घरात कोणी आहे ना?" "आहेत," म्हणत मी घाईने फोन ठेवला. अजून वाटतं, खरं सांगितलं असतं, तर तो आणखी दोन मिनिटं बोलला असता.