अंगठ्यावरून मोजलेला पडदा

…तर अंगठा. काल चहा आला आणि गोष्ट अंगठ्यावरच अडकून राहिली. फोटोत त्या यंत्राचा वरचा अर्धा भागच दिसत होता, तोही धुरकट. पण ते धरणाऱ्या हाताचा अंगठा मात्र लख्ख, नखासकट. आमची मिलिमीटर त्या नखाकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, "अंगठ्याचं नख पंधरा मिलिमीटर धरा. पडद्याच्या रुंदीत अशी सात नखं मावतात. म्हणजे एकशे पाच." कंपाउंडरने टाळीच वाजवली.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो.

मिलिमीटर हे काही तिचं बारशाचं नाव नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवते. बावीस वर्षं तेच काम. अर्ध्या मिलिमीटरवरून मालकाशी भांडते. "गिऱ्हाईकाला चालेल हो, पण त्याच्या डोळ्याला नाही चालणार," म्हणते आणि काच पुन्हा चाकाला लावते. रस्त्यात भेटली की माणूस विचारतो कसं काय, बरं आहे का. ही म्हणणार, "आजोबा, चष्मा डावीकडे दोन मिलिमीटर उतरलाय." मी सरळ करतो. काय करणार? खरंच उतरलेला असतो.

तर ही बाई घरी गेल्यावर खेळ बनवते. तळहातावर मावणारं, दोन्ही बाजूंना बटणं असलेलं खेळायचं यंत्र असतं ना, त्यावरचे. तिच्याकडचं यंत्र जुनं. कंपनीने ते बनवायचं कधीच बंद केलं. त्यात फक्त कंपनीचेच खेळ चालावेत अशी व्यवस्था होती, पण हौशी लोकांनी युक्ती शोधली आणि घरी बनवलेले खेळ त्यात घालायला लागले. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दचकून विचारलं, "म्हणजे चोरी की काय?"

"चोरी कसली आजोबा? यंत्र मी विकत घेतलेलं, खेळ मी बनवलेला. कंपनीने आतून कडी घातली होती, तेवढी लोकांनी काढली."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. चार वर्ग एका खोलीत बसायचे, मास्तर एकच. दुसरीत असताना चौथीचा भूगोल माझा पाठ झाला होता आणि दुसरीचं गणित राहून गेलं. तेव्हापासून जे आपल्याला शिकवायला घेतलेलं नाही, तेच मला जास्त आवडतं. तिचा खेळ बघितला आणि मी तिथेच बसलो.

खेळ होता बसचा. तिचे सासरे पस्तीस वर्षं शहरातल्या बसवर ड्रायव्हर. ज्या मार्गावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तो सोळा थांब्यांचा मार्ग तिने जसाच्या तसा त्या यंत्रात उतरवायला घेतला होता. बस चालवायची, थांब्यावर थांबवायची, उभे प्रवासी पडू द्यायचे नाहीत. एकेक थांबा तयार झाला की यंत्र सासऱ्यांच्या हातात. आणि सासरे म्हणजे असे परीक्षक की विचारू नका.

"सूनबाई, हा कोपरा कुठला?"

"दवाखान्याचा, बाबा."

"दवाखान्याच्या कोपऱ्यावर एवढी जागा कुठे आहे? इथे तर हत्ती वळेल. कमी कर."

ती कमी करायची. मग ते तिथेच गाडी ठोकायचे आणि म्हणायचे, "हां, आता बरोबर."

सात थांबे झाले आणि सासऱ्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ते मान वाकडी करून कोपऱ्यातून बघतात. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा आपल्यावर संशय घेतोय. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. वर्ष, फार तर दीड वर्ष, मग कडेच्या दिसण्याचाही भरवसा नाही. आणि मिलिमीटरला हे सांगायला डॉक्टर तरी कशाला हवा होता? डोळ्याच्या मागचा पडदाच गेला तर पुढे कुठलीही काच घासून उपयोग नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत!

जुन्या यंत्राचा पडदा काडेपेटीएवढा. त्यात तो रस्ता म्हणजे काडीएवढा. फोनवर मोठा दिसतो, पण फोनला बटणं नाहीत. "बोटाखाली काही लागत नाही, ही काय गाडी झाली?" म्हणून सासऱ्यांनी तो परत दिला. टीव्हीला जोडून बघितलं, तर टीव्ही डोळ्याच्या कोपऱ्याशी आणता येईना. मोठा पडदा, खरी बटणं आणि हातात धरता येईल असंच काहीतरी हवं होतं, आणि ते दीड वर्षाच्या आत. सासऱ्यांना सोळाव्या थांब्यापर्यंत, डेपोपर्यंत न्यायचं, हे तिने मनाशी घेतलं होतं. बोलली कोणाला नाही. मला कळलं ते तिने दुकानातल्या कॅलेंडरवर काढलेल्या खुणांवरून.

नेमकी तेव्हाच बातमी आली. एका नव्या कंपनीच्या तीन ओळी: हातात धरायचं नवं यंत्र येत आहे, घरी बनवलेले खेळ त्यात खुशाल चालतील, बाकी लवकरच कळवू. सोबत तो अर्धा फोटो. झालं! दर रविवारी सकाळी दुकान बंद असताना मागच्या खोलीत आमची बैठक बसायला लागली. मिलिमीटर, मी आणि शेजारच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर. त्याच्याकडेही तसलंच जुनं यंत्र आहे, गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली धरून खेळतो.

तीन ओळींवर आम्ही पाच महिने काढले बघा. कंपाउंडर म्हणायचा, "पोट फुगीर दिसतंय. बॅटरी वीस तास जाणार, लिहून देतो."

"तू लिहून दिलेलं वाचता कुणाला येतं?" मी म्हणायचो. "त्यात रेडिओ असणार बघ. ही वरची भोकं उगाच नाहीत."

"आजोबा, तुम्हाला प्रत्येक यंत्रात रेडिओ हवा असतो. उद्या इस्त्री घेतलीत तरी कानाला लावून बघाल."

आमचे हे असले अंदाज, पण तिचा हिशोबी. एकशे पाच मिलिमीटर, म्हणजे जुन्याच्या पंचावन्नच्या जवळजवळ दुप्पट. तिने कागदाचा तेवढा तुकडा कापला, त्यावर बसचा रस्ता काढला, आणि सासरे झोपाळू दुपारी खिडकीशी बसले असताना हळूच त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून विचारलं, "बाबा, ही रेघ दिसते?"

"दिसते की. वळतेय डावीकडे. का ग?"

"काही नाही," म्हणाली आणि कागद घडी घालून ठेवला.

मग प्रश्न आला, आता जुन्या यंत्रावर पुढचे थांबे बनवायचे की नव्यासाठी थांबायचं? "थांब," म्हणणारा पहिला मीच. कबूल करतो. मी म्हटलं, "दोनदा मेहनत कशाला? येईलच ते." तिने आठव्या थांब्याचं काम अर्धवट सोडलं. पाच महिने.

शेवटी कंपनीने सगळं जाहीर केलं. रविवारच होता. कंपाउंडरच्या फोनवर आम्ही तिघं डोकी एकत्र करून बघत होतो. यंत्र बनवणारा गृहस्थ हसतमुख. म्हणाला, घरच्या खेळांना पूर्ण मोकळीक. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. म्हणाला, मिळेल आठ महिन्यांनी. थापा जरा मंदावल्या. मग म्हणाला, "आणि पहिल्या फोटोतला हात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा. लहान हातांतही नीट बसावं, हीच तर आमची इच्छा."

मी आणि कंपाउंडर हसलो. ती हसली नाही. टेबलावरची पट्टी उचलून तिने स्वतःच्याच करंगळीच्या नखाला लावली. "दहा," म्हणाली. "नऊ वर्षांच्या पोरीच्या अंगठ्याचं नख एवढंच, दहा मिलिमीटर. सात दाहे सत्तर." पट्टी जागेवर ठेवली. "पंचावन्नचे सत्तर. बावीस वर्षं मापं घेतेय आणि माप कुणाचं आहे तेच विचारलं नाही."

कंपाउंडरने फोन बंद केला.

आम्ही तिच्या घरी गेलो, कारण सासऱ्यांना भेटल्याशिवाय मला परत जाववेना. ते खिडकीशी बसले होते. मान वाकडी करून म्हणाले, "तिघं आलात आणि पायांचाच आवाज? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही, बाबा," ती म्हणाली. "ते नवं यंत्र येणार होतं ना, त्याचा पडदा लहान निघाला. मी त्याच्यासाठी थांबले होते. तुम्हाला दिसावं म्हणून."

 म्हातारा म्हणाला, "अग, मला वाटलं तू माझ्या चुका काढण्याला कंटाळलीस! पाच महिने मी तोंड मिटून बसलोय. पोरगा दोनदा म्हणाला विचारा म्हणून. म्हटलं नको, दिवसभर काचा घासते, वर या थेरड्याची कटकट कशाला?"

"बाबा!"

"बाबा काय? मग आता ऐकच. तुझ्या बसमध्ये पहिल्यापासून एक मोठी चूक आहे. बोललो नव्हतो, तुझं मन मोडेल म्हणून."

"कुठली?"

"माणसं बोलत नाहीत. पन्नास माणसं आणि गाडी चिडीचूप? ही बस आहे की शवागाराची गाडी? अग, समोरचा रस्ता सगळेच बघतात. पण मागचं मी कानाने ओळखायचो. वळण जोरात घेतलं की मागची बाई ओरडायची, थांबा चुकला की घंटेवर घंटा, आणि गाडी गटाराकडे झुकली की डाव्या बाजूचे सगळे एकदम 'ओ ओ ओ' करायचे. डावा आवाज आला की उजवीकडे घ्यायची, एवढंच तर आहे."

खेळ मुका का होता ते मला माहीत होतं. काचा घासायचं चाक दिवसभर तिच्या कानात किंचाळतं, घरी तिला टाचणीचासुद्धा आवाज नको असतो.  तिने वही काढली. "सावकाश सांगा. डावीकडचे काय करायचे?"

पुढचे दोन आठवडे दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत जे चाललं ते बाहेरच्या गिऱ्हाइकांनी काय समजून घेतलं असेल, देव जाणे. ती खेळासाठी आमचे आवाज भरून घेत होती. डावीकडचे प्रवासी म्हणजे कंपाउंडर. उजवीकडचा चिडका म्हातारा मी. मला एकच वाक्य होतं, "अहो, माणसं आहेत, बटाटे नव्हेत!" ते मी अकरा वेळा म्हटलं. दहाव्या वेळी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आनंदाने ओरडताय. रागाने ओरडा." मी काय करू? मला राग येतच नव्हता.

आठवा थांबा झाला, नववा झाला. सासऱ्यांच्या कानाला तारेची दोन बोंडं आणि हातात तेच जुनं काडेपेटीवालं यंत्र. पहिल्या दिवशी चार वेळा गटारात. "गटार बरोबर आहे," एवढीच दाद. मग हळूहळू मान सरळ झाली, डोळे मिटले आणि अंगठे चालायला लागले. आमच्या आवाजात आम्हीच पडत होतो, सावरत होतो.

सोळावा थांबा तयार झाला त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. सासरे खिडकीशी, यंत्र पोटाशी धरून. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी, अजून कामाचा ॲप्रन अंगावर. मला राहवेना. मी म्हटलं, "अग मिलिमीटर, तीन महिन्यांनी ते नवं यंत्र येतंय. त्याच्यासाठी काय ठरवलंस मग?"

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "येऊ दे की आजोबा, आलं की बघू. आत्ता जरा हळू बोला, बाबा डेपोच्या फाटकातून गाडी आत घेतायत."