उजव्या हाताची सुट्टी

माझ्या मुलीला पनवेलला बॉक्सिंग शिकवणारे सर ओवे गावचे. गेल्या वर्षी तिला हरवणारी डावखुरी मुलगी यंदाही समोर येणार हे कळलं, आणि सरांनी सगळंच डाव्या हाताने सुरू केलं. चहा, सही, सरावातले ठोसेसुद्धा. आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादालाही त्यांनी डावाच हात पुढे केला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"रागावू नका ताई," ते म्हणाले, "सध्या ती पोरगी माज्या अंगात हाय."

लढतीत त्या मुलीचा डावा ठोसा निघायच्या आतच माझी लेक बाजूला सरकत होती. मी बघतच राहिले.

ती जिंकल्यावर मी सरांना पेढा दिला. त्यांचा डावा हात पुढे आला आणि थबकला.

"थांबा ताई, उतरली ती आता," म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला.